शाळेत भीमसेन जोशींची ओळख करून द्यायची आहे? मग आधी नाव सांगू नका

डिसेंबर जवळ आला की पुण्यातल्या शाळांना शास्त्रीय संगीत आठवतं. सवाईचे, म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सवाचे, फलक लागतात, पेपरात फोटो येतात आणि पालकसभेत मुख्याध्यापिका बाई विचारतात, "तुमच्यापैकी कुणी गाणं शिकलंय का? मुलांना भीमसेनजींबद्दल थोडं सांगाल?" आपण चार परीक्षा दिलेल्या असतात, किंवा तेवढ्याही नाही, नुसते ऐकणारे असतो. हो म्हणून बसतो आणि घरी येऊन घाबरतो. दुसरी लाट फेब्रुवारीत येते, ४ तारखेच्या त्यांच्या जन्मदिवसाच्या आसपास. गेली काही वर्षं मी असे तास घेते आहे. नव्याने घेणाऱ्यांसाठी जमलेलं आणि फसलेलं दोन्ही लिहिते.

फसलेलं आधी. माझ्या पहिल्या तासाला मी तीन पानं लिहून नेली होती. जन्म १९२२, किराणा घराणं, गुरू सवाई गंधर्व, पद्मश्री, पद्मभूषण, पद्मविभूषण, भारतरत्न. पाचव्या मिनिटाला मागच्या बाकांवर फुलीगोळा सुरू झाला. शेवटी एक अभंग लावला आणि विचारलं, हा आवाज कुणाचा? तीस मिनिटं त्यांच्याचबद्दल बोलून झालं होतं, तरी वर्ग गप्प. मग एक मुलगा म्हणाला, "आमच्या आजोबांच्या मोबाईलमधला."

सगळ्या तासात तेवढंच एक खरं उत्तर होतं. मी माहिती दिली होती, ओळख करून दिलीच नव्हती. शेजारच्या काकूंची जन्मतारीख आपल्याला कुठे ठाऊक असते? पण जिन्यातल्या चपलांच्या आवाजावरून त्या आल्याचं कळतं. तेव्हापासून मी तासाचं एकच काम ठरवलंय. पुढच्या वेळी रिक्षात, देवळात, कुणाच्या लग्नात तो आवाज कानावर पडला तर मुलाने मान वळवावी आणि म्हणावं, "अरे, हे ते!" पुढचं सगळं या एका गोष्टीसाठी.

आधी मिनिटं मोजा

शाळेचा तास पस्तीस मिनिटांचा. त्यात हजेरी, बाईंनी केलेली तुमची ओळख, मधेच सूचनेचं रजिस्टर घेऊन येणारे शिपाईकाका. तुमच्या हाती सव्वीस-सत्तावीस मिनिटं उरतात. त्यातली दहा बोलायची, बाकीची ऐकायची आणि मुलांना बोलू द्यायची. पाचवी ते सातवीचे वर्ग मागून घ्या. ही मुलं मोकळेपणाने हसतात, चुकतात, हात वर करतात. नववीतल्या मुलाला शेजारचा काय म्हणेल याची काळजी असते. आणि "दोन्ही तुकड्या एकदमच बसवू का हॉलमध्ये?" असं विचारलं तर नम्रपणे नाही म्हणा. ऐंशी मुलं झाली की तासाची सभा होते.

आवाजाची सोय स्वतः करा

वर्गातल्या डिजिटल फळ्याचे स्पीकर बातम्यांपुरते असतात. त्यातून तंबोरा गायब होतो, तबल्याचा डग्गा गायब होतो आणि भीमसेनजींचा खर्ज, म्हणजे अगदी खालचा सूर, तर दाराबाहेरच राहतो. घरचा बऱ्यापैकी स्पीकर पिशवीत घालून न्या. आदल्या दिवशी जाऊन लावून बघा, पंखे चालू ठेवून, कारण तासाला पंखे चालूच असणार.

आणि ध्वनिफिती आधीच उतरवून ठेवा, इंटरनेटवर विसंबू नका. एकदा माझा आलाप रंगात आला होता, वर्ग शांत, आणि मधेच मसाल्याची जाहिरात लागली. ती बाई फोडणी देत गाऊ लागली. वर्ग खो खो हसला, मीही हसले, पण तो तास परत हाती आला नाही.

नाव न सांगता तीन तुकडे ऐकवा

वर्गात गेल्यावर नमस्कार करा आणि म्हणा, तीन तुकडे ऐकवते, एकेक मिनिटाचे. गाणारे किती जण आहेत ते सांगायचं. बस, एवढंच.

पहिला तुकडा 'मिले सुर मेरा तुम्हारा'च्या सुरुवातीचा. १९८८ साली दूरदर्शनवर आलेलं हे गाणं त्यांच्याच आवाजाने उघडतं. पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमांमुळे काही मुलांनी ते ऐकलेलं असतं. दुसरा तुकडा नामदेवांचा अभंग, 'तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल'. राम फाटकांनी लावलेली ही चाल पुण्यातल्या मुलाच्या कानावरून कुठे ना कुठे गेलेलीच असते. तिसरा तुकडा रागाचा, आणि तो शाळेच्या वेळेप्रमाणे निवडायचा. सकाळची शाळा असेल तर मियाँ की तोडी, दुपार अधिवेशन असेल तर मुलतानी. रागाला वेळ असते हे वेगळं शिकवत बसावं लागत नाही. "हा सकाळचा राग आहे, म्हणून सकाळी आणला," एवढं पुरतं.

तोडीत मी द्रुत, म्हणजे जलद, तीनतालातली 'लंगर कांकरिया जी ना मारो' घेते. विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल ऐकवायचा मोह आवरा. मला स्वतःला त्यांचा विलंबितच जास्त आवडतो. पण त्या लयीत एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, पूर्ण व्हायला पाऊण मिनिट जातं, आणि सहावीच्या मुलाला पाऊण मिनिटात चार विषय सुचतात.

तीन तुकडे झाले की उत्तरं घ्या. बहुतेक वर्ग "तीन" म्हणतो. दोन-तीन मुलं "दोन". अभंगवाला आणि तोडीवाला एक असेल अशी एखादीला शंका येते. तिला विचारा, कशावरून? माझ्याकडे एकदा एक मुलगी म्हणाली, "शब्द धरून ओढतात, तसं दोन्हीकडे ओढलंय." यापेक्षा चांगलं मलाही सांगता आलं नसतं. मग सांगा: एकच माणूस. आणि आता नाव: पंडित भीमसेन जोशी. पुण्यातली गाण्यातली माणसं त्यांना अण्णा म्हणायची. "महाभारतातला भीमसेन?" हा प्रश्न येणारच. येऊ द्या, नाव त्यामुळेच लक्षात राहतं.

आवाज बंद करून व्हिडिओ दाखवा

मैफलीचं चित्रीकरण, एक मिनिट, संपूर्ण मूक. भीमसेनजी गाताना हात आणि मान कशी हलवत ते पाहिलेल्यांना सांगायला नको. मुलांना विचारा, हे काय करताहेत? मला मिळालेली उत्तरं: विहिरीतून पाणी शेंदताहेत, पतंगाला ढील देताहेत, डोक्यावरचं ओझं उतरवताहेत, कुणाला तरी ओरडताहेत. मुलं हसतील. हसू देत. बाई डोळे वटारू लागल्या तर त्यांनाही खुणेने थांबवा.

मग तोच तुकडा आवाजासकट. पतंगाला ढील दिली तिथे नेमकी तान निघालेली असते, ओझं उतरवलं तिथे समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आलेले असतात. आता कुणी हसत नाही. हात का हलतात याचं उत्तर त्यांना मिळालेलं असतं. तुम्ही काही बोलायची गरज उरत नाही, आणि बोलूही नका.

"शब्द तर एकच ओळ आहे!"

ही तक्रार प्रत्येक वर्गात येते आणि ती रास्त आहे. तीच ओळ परत परत का म्हणतात? यावर व्याख्यान देण्याऐवजी एका मुलाला उभं करा आणि 'आई' हा एकच शब्द म्हणायला लावा. भूक लागल्यावर कसा म्हणशील? पाल दिसल्यावर? पैसे हवे असताना? धाकटीने वही फाडल्यावर? बाहेरून येऊन घरात कुणी दिसलं नाही तर? शब्द एकच, आणि पाच वेळा अर्थ वेगळा. वर्ग लोळतो हसून, विशेषतः पैसे हवे असतानाच्या 'आई'ला.

त्यानंतर 'लंगर कांकरिया' परत लावा. खडे मारू नकोस, अशी खोडकर कृष्णाला केलेली विनवणी, एवढा अर्थ सांगा. वहीच्या मागच्या पानावर, ओळ आली की एक रेघ मारायची. पाच झाल्या की आडवी. आणि प्रत्येक वेळी ती रागाने म्हटलीय, लाडाने की कंटाळून, ते ऐकायचं. उत्तरं जुळत नाहीत आणि जुळायला नकोतच. पण तीन मिनिटं पस्तीस मुलं कान टवकारून तोडी ऐकत बसलेली असतात. हे मी दरवेळी डोळे भरून बघून घेते.

तंबोरा वर्गात न्या

फोनवरचा तंबोरा असतो, चालतो. पण खरा मिळाला तर त्याला तोड नाही. कुणा गाणं शिकणाऱ्याकडून, नाहीतर जवळच्या संगीत विद्यालयातून मागा, गवसणीसकट, आणि रिक्षात आडवा मांडीवर घेऊन न्या. मुलांना पहिल्यांदा भोपळाच दिसतो. "हा खरा भोपळा?" हो, खराखुरा, वाळवलेला. पंढरपूरच्या बाजूला हे भोपळे पिकतात आणि मिरजेत त्यांचे तंबोरे होतात.

मग जवारीचा दोरा दाखवा. ही एवढी एक गोष्ट दाखवण्यासाठी मी अर्धा तास आधी पोचते. तंबोऱ्याच्या घोडीवर प्रत्येक तारेखाली सुताचा एक बारीक दोरा सरकवलेला असतो. तो काढला की तार नुसती 'टण्' वाजते आणि विझते. दोरा परत घालून केसभर पुढे-मागे केला की एका जागी अचानक आवाज उघडतो, झणकारतो, तारेतून आणखी स्वर निघाल्यासारखे वाटतात. चार-पाच मुलांना एकेक करून पुढे बोलवा आणि त्यांना स्वतः दोरा सरकवू द्या. 'सापडलं' हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. किराणा घराणं म्हणजे काय, यावर मी आता एवढंच सांगते: हा जो झणकार तुम्हाला सापडला ना, त्यात आपला स्वर पुरता मिसळेपर्यंत ही माणसं पुढे जात नाहीत.

शेवटी सगळ्यांनी एक श्वास घेऊन तंबोऱ्याबरोबर 'आ' धरायचा. बहुतेकांचा दम दहा-पंधरा सेकंदांत संपतो. लगेच भीमसेनजींची एक लांब तान लावा. नंतरचा "बाप रे" तुमच्या पाठांतरापेक्षा बरंच काही करतो.

गोष्ट सांगा, पण अकरा वर्षांच्या मुलाची

आता चरित्र. भारतरत्न मिळालेला म्हातारा मुलांना लांबचा वाटतो, घर सोडून पळालेला अकरा वर्षांचा मुलगा जवळचा. कर्नाटकातलं गदग. वडील शिक्षक. रस्त्यावरून वाजंत्री चालली की हा पोरगा मागे मागे जायचा. दुकानात वाजणाऱ्या एका तबकडीसमोर तो खिळून उभा राहिला: गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातली ठुमरी, 'पिया बिन नाही आवत चैन'. असंच गायचं, असं त्याच्या मनाने घेतलं. शिकवणारा गुरू हवा म्हणून १९३३ साली घरातून निघाला. जेवताना तुपावरून आईशी बिनसलं आणि उठला, असंही सांगतात. मुलांना तूप फार आवडतं, म्हणजे गोष्टीतलं.

फळ्यावर भारताचा वेडावाकडा नकाशा काढा आणि गदगवर ठिपका द्या. मग ग्वाल्हेर, कोलकाता, दिल्ली, जालंधर. बिनतिकिटाचा प्रवास, गाडीत गाणी म्हणत. जालंधरच्या हरिवल्लभ संगीत मेळ्यात गायक विनायकबुवा पटवर्धन भेटले आणि त्यांनी वाट दाखवली: सवाई गंधर्वांकडे जा. ते कुठे राहतात? कुंदगोळला. आता कुंदगोळचा ठिपका द्या, गदगच्या अगदी शेजारी. पुणे-लोणावळ्याइतकं अंतर! सगळा हिंदुस्थान पालथा घातला आणि गुरू मागच्या दारात. इथे थांबा. वर्गाला हे पचायला दोन क्षण लागतात, आणि मग कुणीतरी कपाळाला हात लावतंच.

एक इशारा. बिनतिकिटाच्या प्रवासाची गोष्ट मी एकदा जरा जास्तच रंगवली. दुसऱ्या दिवशी एका मुलाने पीएमपीच्या बसमध्ये कंडक्टरला गाणं म्हणून दाखवायची तयारी केली होती म्हणे. तेव्हापासून दोन वाक्यं जोडते: शेवटी वडील शोधत जालंधरला पोचले आणि घरी घेऊन आले. आणि खरं शिक्षण सुरू झालं ते नंतर, १९३६च्या सुमारास, गुरूच्या घरी पाणी भरत, कामं करत, तोच तो स्वर दिवसचे दिवस घोटत.

'सवाई' म्हणजे काय ते जरूर विचारा. सव्वापट. गंधर्वाहून सव्वापट. सवाई गंधर्वांचं खरं नाव रामभाऊ कुंदगोळकर; ते नाटकात गात, तेव्हा मिळालेली ही पदवी. गणिताच्या बाई वर्गात असतील तर खूश होतात.

मग पुण्यात या

पुण्याचा भाग छोटा ठेवला तरी चालतो, फक्त तो मुलांच्या पायाखालचा असावा. जानेवारी १९४६ मध्ये गुरूंच्या साठीच्या समारंभात भीमसेनजी पुण्यात गायले आणि नाव झालं. १९५२ मध्ये गुरू गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या स्मरणार्थ शिष्याने उत्सव सुरू केला, तोच आपला 'सवाई'. नावात आता गुरू-शिष्य दोघंही आहेत: सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. तो वर्षानुवर्षं शाळांच्या मैदानांवर झाला, आधी रेणुका स्वरूपच्या, मग रमणबागेच्या. आता मुकुंदनगरला होतो. रमणबागेतल्या मुलांना "जिथे तुम्ही क्रिकेट खेळता तिथे" असं सांगितलं की ती ताठ बसतात. शाल पांघरून, थर्मास घेऊन रात्रभर बसणारे लोक, पहाटेची भैरवी, हे आजी-आजोबांना विचारून यायला सांगा. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक नाही, या नियमामुळे त्या जागरणांची आता गोष्टच उरली आहे. औंध-बाणेरच्या शाळेत असाल तर औंधला त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे, तिथून सुरुवात करा.

आणि गाड्या विसरू नका. अण्णांना गाडी चालवायचं वेड होतं. मैफलींना दूरदूर स्वतः गाडी हाकत जायचे. पुढे विमानाने इतके हिंडू लागले की लोक गमतीने त्यांना हवाईगंधर्व म्हणू लागले. तासभर तोंड न उघडलेली मुलं इथे उघडतात: कुठली गाडी? किती स्पीड?

पुरस्कारांना एक वाक्य द्या. २००८ साली भारतरत्न जाहीर झालं, २०११च्या २४ जानेवारीला ते पुण्यात गेले. बाकीची यादी शाळेला भित्तिपत्रकासाठी लिहून द्या, त्यांना ती हवीच असते.

प्रश्न

शेवटची पाच मिनिटं मुलांची. "घसा दुखायचा नाही का?", "आइस्क्रीम खायचे का?", "सिनेमात गायले का?" या शेवटच्याला चांगलं उत्तर आहे. १९५६च्या 'बसंत बहार'मध्ये ते मन्ना डे यांच्याबरोबर गायले, आणि गोष्टीच्या गरजेपोटी स्पर्धेत मन्ना डे यांचा आवाज जिंकतो. भीमसेनजी हरतात! मुलांना हा अन्याय सहन होत नाही. येत नसलेल्या प्रश्नाला "बघून सांगते" म्हणा आणि खरंच बाईंकडे निरोप पाठवा.

एक तुकडा मी या वेळेसाठी राखून ठेवते. त्यांची मातृभाषा कन्नड होती हे सांगायचं आणि पुरंदरदासांचं 'भाग्यदा लक्ष्मी बारम्मा' लावायचं. आताच्या पुण्यातल्या वर्गात घरी दुसरी भाषा बोलणारी चार-पाच मुलं तरी असतात. गेल्या वर्षी कोथरूडच्या एका शाळेत खिडकीजवळच्या बाकावरची मुलगी संपूर्ण तास गप्प होती. रेघा मारल्या नाहीत, तंबोऱ्यापाशी आली नाही. हे पद लागलं आणि ती ओठांनी पुटपुटू लागली. बारम्मा म्हणजे काय, मी वर्गाला विचारलं. कुणालाच येईना. मग ती उभी राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "ये गं आई." आणि शेजारणीकडे वळून, जरा खालच्या आवाजात, "आमच्या घरी शुक्रवारी लावतात. हे तेच आहेत."